आईची न उतरणारी शुगर

आईच्या उजव्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी आम्हाला सहा आठवडे दिले होते. डावा आधीच गेला होता. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यावर नको त्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, फुटतात, आणि त्यांची जाळी आकसताना पडद्याला ओढत नेते. डाव्या डोळ्यात हे सगळं होऊन संपलं होतं, उजव्यात सुरू झालं होतं.

"ओढ मधोमध पोचायच्या आत ऑपरेशन करायला हवं," डॉक्टर म्हणाले. "पण ही शुगर घेऊन मी यांना टेबलावर घेणार नाही. आणि अंगात कुठेही इन्फेक्शन नको. आजी, खोकला आहे का? लघवीला जळजळ? पायाला जखम? दात दुखतो?"

आई प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. नाय. नाय. नाय. दाताचं विचारलं तेव्हाही नाय.

उपाशीपोटी शुगर तीनशेच्या वर होती. ती दोनशेच्या आत आणायची होती. मला वाटलं, त्यात काय मोठंसं, मी आणते. रक्त तपासणं हाच तर माझा धंदा. नाशकात एका खासगी लॅबमध्ये मी एकवीस वर्षं तेच करते आहे. सकाळी सात वाजता उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग माझ्यासमोर असते. "काही खाल्लं नाही ना?" "नाही मॅडम, फक्त चहा." चहा म्हणजे काय हवा असते का, असं मी विचारते, आणि माणूस ओशाळतो. त्यातलं कोण खोटं बोलतंय हे मला नुसत्या तोंडावरून कळतं, असा माझा समज होता. फार पक्का समज होता.

मी रागीट आहे. हे कौतुकाने सांगत नाही. माझं लग्न तीन वर्षं टिकलं आणि त्यात सगळा दोष त्याचाच होता, असं मी पुढची बरीच वर्षं लोकांना ऐकवत आले. वडील गेल्यावर आईला सायखेड्याहून माझ्याकडे आणली, तेव्हापासून अंबडच्या अलीकडच्या या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी तिची एकुलती एक. तिने सारा जन्म दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत विरळणी करण्यात घालवलेला. म्हणजे एवढ्याशा कात्रीने घडातले नेमके मणी कापून काढायचे, शेजारच्या मण्याला खरचटूही द्यायचं नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या घडाला मालक परत बघायचा नाही. असली नजर असलेल्या बाईला आता भाजीतला खडा दिसत नव्हता.

ती आली त्याच महिन्यात मला तिच्या पिशवीत मशेरीची डबी सापडली होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटावर घेऊन हिरड्यांना घासत बसायचं. तिच्या वयाच्या बायकांची सकाळ त्याशिवाय सुरू होत नाही. पण माझ्या लॅबमध्ये गालातल्या गाठींचे तुकडे बाटलीत येतात. मी डोक्यात राख घालून घेतली. डबी मोरीत रिकामी केली, वर पाण्याची बादली ओतली आणि तिच्यासमोर खाली बसले. "माझ्या डोक्यावर हात ठेव. परत हात लावणार नाही म्हण."

"आसं डोक्यावर हात ठिवून नगं बोलायला लावू गं," ती म्हणाली.

"ठेव म्हणते ना!"

तिने ठेवला. तसं म्हणालीही. त्यानंतर घरात मला तंबाखूचा वास आला नाही, आणि तो विषय मी मनातून पुसून टाकला.

तर, शुगर. गोळ्या वाढवल्या. शुगरच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः टोचायचे, जेवण मोजून वाढायचे. पहिल्या आठवड्यात थोडी उतरली, दुसऱ्या आठवड्यात परत चढली. डोस वाढवला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी टोचत होते ते पाणी आहे की काय, असं वाटायला लागलं. बाटली फ्रिजच्या दारात ठेवत होते ती बदलून नवी आणली. सुईही बदलली. काही उपयोग नाही.

मग उरतं काय? मी सकाळी साडेसहाला घर सोडते, दुपारी तीनला येते. मधले साडेआठ तास ती एकटी असते. माणूस चोरून खातो तो अशाच वेळी. मी रोज बघते की असली माणसं! रिपोर्ट घ्यायला येतात आणि शपथेवर सांगतात, मॅडम, पथ्य पाळतो. आणि तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी त्यांचं सगळं बिंग फोडते.

साखरेचा आणि गुळाचा डबा मी कपाटात ठेवून कुलूप घातलं. मग बेदाणे. मग रवा, कशाला ठेवा, म्हणून तोही. तिने कुलपाकडे पाहिलं. शेजारणीचा हात धरून देवळातून आली की मी तिच्या पदराची गाठ सोडून बघायचे, साखरफुटाणे बांधून आणलेत का. समोरच्या घरातल्या मावशींना मी आईच्या देखत सांगितलं, "हिला काही देत जाऊ नका. मागितलं तरी." मावशींनी आईकडे पाहिलं. आई खाली बघून चप्पल शोधत होती. चप्पल तिच्या पायातच होती.

त्याच दिवसांत ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. शेंगदाण्याची चटणी बाजूला सारायची. पाणीसुद्धा तोंड एका बाजूला कलतं करून प्यायची. मला त्याचा अर्थ लागला, आणि तो असा: पोट आधीच भरलेलं आहे, म्हणून नखरे चाललेत. तिच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा. त्याचाही मी अर्थ लावला. गुळाचा वास मारायला लवंग चघळते. एवढी हुशार आहे माझी आई, असं मी लॅबमधल्या मुलींना हसत हसत सांगितलंसुद्धा.

आज हे लिहिताना माझाच हात थांबतो. सगळं समोर होतं हो. ताटात होतं.

चौथ्या आठवड्यात एक दिवस लॅबमधलं मशीन बंद पडलं आणि मी अकरालाच घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई मागच्या बाल्कनीत, कपडे धुवायच्या जागी, भिंतीकडे तोंड करून बसली होती. उजव्या हाताचं बोट तोंडात. माझी चाहूल लागली तशी दचकली, तोंड मिटलं, हात पदराखाली घेतला.

"काय आहे तोंडात?"

तिने मान हलवली.

"तोंड उघड."

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मी तिच्यापुढे उकिडवी बसले, हनुवटी धरली. लहान पोराने माती खाल्ली की धरतात ना, तशी. तिने माझा हात झटकला. माझ्या आईने आजवर कधी माझा हात झटकला नव्हता. माझा पारा असा चढला की काय बोलते आहे याचं मला भान राहिलं नाही.

"चोरून खातेस? माझ्या घरात चोरी करतेस? मी जीव तोडून पळते आहे, त्या डॉक्टरांचे पाय धरते आहे, आणि तू इथे भिंतीकडे तोंड करून गिळत बसतेस! आंधळी व्हायचंय तुला? हो मग! मी नाही हाताला धरून संडासला नेणार, सांगून ठेवते!"

समोरच्या मावशी आवाज ऐकून दारात आल्या होत्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडातलं तिने गिळून टाकलं होतं. आणि म्हणाली, "व्हय. गूळ खाल्ला."

"बघा!" मी मावशींना म्हणाले. खरंच म्हणाले. गुन्हेगार सापडल्यासारखा आनंद झाला होता मला.

तो आनंद भांडी घासेपर्यंत टिकला. हातात कढई होती, आणि मनात आलं, गूळ आला कुठून? कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये. मावशी तर माझ्या भीतीने तिला वाटीभर ताकसुद्धा देत नव्हत्या. खाली दुकान आहे, पण आई एकटी जिना उतरत नाही, पायरी दिसत नाही म्हणून. मग गूळ कसा आला? मी विचारलं तर ती म्हणाली, "आला कुठून तरी. जाऊ दे आता."

मी चार दिवसांची सुट्टी टाकली. सोडायचंच नाही, असं ठरवलं. चार दिवस मी तिच्यापासून हातभरही हलले नाही. ती मोरीत गेली तरी दाराबाहेर उभी राहायचे. मी वाढलेलं, माझ्यासमोर खाल्लेलं, याव्यतिरिक्त तिच्या पोटात काही गेलं नाही, हे मी कोर्टात सांगू शकले असते. इन्सुलिन वेळेवर, माझ्या हाताने.

पहिल्या दिवशी शुगर जराही हलली नाही. ठीक, कालचा गूळ असेल. दुसऱ्या दिवशी तीच. तिसऱ्या दिवशी आणखी वर. चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्या बोटावर आलेला थेंब पट्टीला लावला, आणि आकड्याची वाट बघत राहिले. तीनशे चाळीस.

मी घाबरले. इतके दिवस मी चिडलेली होते, घाबरलेली नव्हते. चिडायला समोर कुणीतरी चोर लागतो. आता चोरच उरला नव्हता, आणि सहा आठवड्यांतले जेमतेम दहा-अकरा दिवस उरले होते. आई पदराने अर्धा चेहरा झाकून भिंतीला टेकली होती. चार दिवसांत ती फारसं बोललीच नव्हती. मला वाटत होतं, रागावली आहे. रागावू दे, असंही वाटत होतं.

मी तिच्या दंडातून नळीभर रक्त काढलं आणि लॅबमध्ये घेऊन गेले.

आमच्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सत्तरीच्या आसपास आहेत. रोज दोन तास येतात, स्लाइड बघतात, आम्हाला नावं ठेवतात आणि जातात. मी त्यांना सगळं सांगितलं. कुलूप, पदराची गाठ, चार दिवसांचा पहारा, आकडा. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"आणि स्लाइड?"

"कसली स्लाइड, मॅडम? शुगर आहे."

"चार आठवडे आईचं रक्त तपासते आहेस. एकदाही त्यातल्या पेशी बघितल्या नाहीस?"

नव्हत्या बघितल्या. लोकांच्या रोज बघते, दिवसाला पन्नास-पन्नास. आईचं रक्त मी तपासत नव्हते, मी तिच्यावरचा पुरावा गोळा करत होते. त्यासाठी शुगर पुरेशी होती.

मी काचेवर थेंब ओढला, वाळवला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. पहिल्याच नजरेत दिसलं. पांढऱ्या पेशींची ही गर्दी. आणि त्यात कोवळ्या पेशी, ज्या एरवी हाडांच्या मगजातून इतक्या लवकर बाहेर पडत नाहीत. अंगात कुठेतरी झुंज चालू असेल आणि फौज कमी पडत असेल, तरच त्यांना असं अर्धवट वयात बाहेर काढतात. सूज दाखवणारी सीआरपी लावली. तीही कितीतरी वर.

"गूळ खाऊन हे होत नाही," मॅडम म्हणाल्या.

"पण शुगर?"

"पांढऱ्या पेशी म्हणजे काय, तुझ्या मते? रक्तात गस्त घालणारे पोलीस?"

"हो. तसंच शिकलो आम्ही."

"अर्धंच शिकलात. त्यांच्यातल्या कितीतरी पेशी रक्तात फिरतच नाहीत. चरबीत, यकृतात, स्नायूंत बिऱ्हाड करून राहतात. सगळं शांत असतं तेव्हा तिथली आवराआवर करतात. मेलेलं उचलतात, शेजारच्या चरबीच्या पेशीला ताळ्यावर ठेवतात, म्हणून ती इन्सुलिनचं ऐकते. किती जाळायचं, किती साठवायचं, यात त्यांचाही शब्द असतो. आणि कुठे आग लागली, की त्याच भडकतात. मग अशी रसायनं सोडतात की स्नायू साखर आत घेत नाहीत, आणि यकृत मात्र साखर तयार करून रक्तात ओततच राहतं. का? लढणाऱ्या पेशींना साखर लागते म्हणून. बाकीच्यांची अडवायची आणि त्यांच्याकडे वळवायची. दोन दिवसांच्या तापाला ही सोय उत्तम. पण आग महिनोन्‌महिने धुमसत राहिली, तर तू इन्सुलिनची अख्खी बाटली टोचलीस तरी ऐकणार कोण?"

"म्हणजे ही साखर..."

"तिची तिनेच केलेली. बाहेरून खाल्लेली नाही. तिने ठरवून केलेली तर मुळीच नाही."

मी स्टुलावर बसले. मला आठवला तो मावशींना म्हटलेला शब्द. बघा! तोंडावर कुणी गरम पाणी टाकावं तसं झालं.

"पाय बघितलेस?" मॅडम विचारत होत्या.

"रोज बघते. स्वच्छ आहेत."

"लघवी?"

"केली तपासणी. साखर सोडून काही नाही."

"छाती साफ? मग दात?"

"डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. ती नाही म्हणाली."

"ती म्हणाली. तू बघितलंस?"

मी रिक्षाने घरी आले. चालत पंधरा मिनिटांचं अंतर, पण तेवढाही धीर नव्हता. आई खाटेवर कुशीवर पडली होती, पदराने झाकायची तोच गाल उशीत दाबून. मी मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हणाले, "आई, तोंड उघड."

तिने डोक्यावरून पदर ओढला.

"आई, तोंड उघड म्हणते ना!" माझा आवाज चढलाच. चढतोच तो. पदराखाली ती आकसली, आणि माझ्या लक्षात आलं की मारायला धावून आलेल्या माणसापुढे आकसावं, तशी ही माझ्यापुढे आकसते आहे. मी कधी तिच्यावर हात उगारला नव्हता. पण आवाजाने तेवढंच काम केलं होतं. मी बॅटरी बंद केली. खाली जमिनीवर बसले.

"गूळ नव्हता ना तो?" मी विचारलं.

मग पदराखालून आवाज आला, "नाय."

"मग?"

ती रडायला लागली. वडील गेले तेव्हासुद्धा माझी आई मोठ्याने रडली नव्हती. "तुझ्या डोक्यावर हात ठिवला व्हता मी," ती म्हणाली. "आन तरी खाल्ली. दाढ लय ठणकायची गं. मशेरी दाबून धरली की बधिर व्हायची. कचऱ्याची गाडी येती ना खाली, तिच्यावरची बाई द्यायची आणून. एक डाव घासली, वाटलं, आता पोरीला काय तरी व्हणार. तू दुपारच्याला दहा मिनटं उशिरा आली ना, तरी मी गॅलरीत हुभी. रस्त्यावर काय झालं का, कुनी फोन करतंय का. रोज ठरवायचे, आज नाय. आन ठणका सुरू झाला की परत."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं आस्तं तर ते खरं झालं आस्तं. तू गुळाचं म्हनली, मी म्हनलं, बरं हाय. गुळाची काय शपत नव्हती घेतली."

इतके दिवस ती चोर म्हणवून घेत राहिली, कारण चोर ठरण्यात तिच्या पोरीच्या जिवाला धोका नव्हता. आणि गेले चार दिवस मी पहारा दिला, त्या चार दिवसांत तिला ती बधिर करणारी चिमूटही मिळाली नव्हती. तो ठणका तिने माझ्यासमोर बसून, एक शब्द न काढता सोसला होता.

मग तिने आपणहून तोंड उघडलं. मी आत उजेड पाडला. हिरड्या काळ्या, फुगलेल्या. मागच्या दोन दाढा बोटाने हलत होत्या, आणि हिरडी जराशी दाबली तर कडेने पू आला. लवंगेच्या वासाखाली दुसरा एक वास होता. मी एकवीस वर्षं लॅबमध्ये काढली आहेत, तो वास मला ओळखता यायला हवा होता.

दाताच्या डॉक्टरांकडे त्याच दुपारी गेलो. त्यांनी आधी पू काढला, प्रतिजैविकं सुरू केली, शुगर बघून दोन टप्प्यांत चार दाढा काढल्या. "हे सहा-आठ महिन्यांचं दुखणं आहे," ते म्हणाले. "आजी, सांगायचं नाही का कुणाला?" आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मीच म्हणाले, "चूक माझी आहे." डॉक्टरांना काही कळलं नाही, त्यांनी कापूस दाबून धरायला सांगितलं.

आता वाटेल, दाढ निघाली आणि शुगर उतरली. तसं पटकन होत नाही. भडकलेल्या पेशींना शांत व्हायला त्यांचा वेळ लागतो, त्यांना कुणी आवाज चढवून गप्प करू शकत नाही. पहिला आठवडा आकडा हलला नाही, आणि आमचे सहा आठवडे संपले. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, थांबा, पण रोज एक डोळा झाकून तिला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवा. मी दाखवायचे. डावा झाकायचा, तो नुसता नावाचा होता. "मोठे आकडे दिसतात?" "दिसत्यात." पुढच्या आठवड्यात इन्सुलिन लागू पडायला लागलं. त्याच डोसला शुगर तीनशेवरून अडीचशेवर, मग आणखी खाली. एका सकाळी एकशे नव्वद आली आणि मी बेसिनपाशी उभी राहून रडले. त्याच दिवशी आई कॅलेंडरसमोर उभी राहून म्हणाली, "आकडे वाकडे झालेत का गं? मधून वाकल्यागत दिसत्यात."

आकडे सरळच होते.

ऑपरेशन आठव्या आठवड्यात झालं. चांगलं झालं. महिन्याभराने तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी बराच वेळ आत उजेड टाकून पाहिलं. पडदा जागेवर बसला होता. "पण मधला भाग ऑपरेशनच्या आधीच ओढला गेला होता," ते म्हणाले. "कडेची नजर राहील. घरात वावरता येईल. समोरचं, बारीक, ते आता येणार नाही."

आई बाहेर बाकावर होती. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "दोन आठवडे आधी झालं असतं तर?"

डॉक्टर फाइल चाळत राहिले. "नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "कदाचित."

बाहेर आले. तिच्याशेजारी बसले. खोटं बोलावं असं फार मनात आलं. म्हणावं, त्यांनी सांगितलं, हळूहळू येईल. ती मान जरा कलती करून माझ्याकडे बघत होती, कारण सरळ पाहिलं की माझ्या तोंडाच्या जागी काळं दिसायचं, कडेने पाहिलं की मी दिसायचे. मी सगळं सांगितलं. कदाचित हा शब्दसुद्धा सांगितला. म्हणाले, "आई, माझ्यामुळे झालं हे. मी तुझ्यावर पाळत ठेवत बसले. तोंडात बघायचं सोडून चोर शोधत बसले."

"मला बी तोंड व्हतं," ती म्हणाली. "मी बी बोलले नाय."

मला जरा बरं वाटलं. वाटायला नको होतं. तिने तेवढ्यात विचारलं, "पर येक सांग. पहिल्याच दिवशी मी खरं सांगितलं आस्तं, दाढ दुखती, मशेरी लावली, शपत मोडली. तर तू काय केलं आस्तं?"

बाकावरची दोन-तीन माणसं आमच्याकडे बघत होती. खोटं बोलायची ही दुसरी संधी होती.

"ओरडले असते," मी म्हणाले.

"लय?"

"लय."

तिने मान डोलवली. रागाने नाही. उत्तर तिला आधीपासून ठाऊक होतं, माझ्या तोंडून ऐकायचं होतं इतकंच. मग उठायला म्हणून तिने हात पुढे केला. तो माझ्या खांद्याच्या जरा बाजूला, हवेत पडला. मी तो धरला.

"आता नगं वरडत जाऊ," ती म्हणाली. "दिसायचं गेलं माझं. ऐकू सगळं येतंय."